बाळंतविडा आणि झेरॉक्स: एक प्राथमिक अभ्यास

मूल वाढवणाऱ्या कुटुंबाला शासनाने आर्थिक साहाय्य द्यावे, हा विचार महाराष्ट्रात आता सर्वमान्य झालेला असून, ते साहाय्य पदरात पडण्यासाठी त्या कुटुंबाने काय काय करावे याविषयीही शासनाने भरपूर विचार केलेला आढळतो. पहिल्या विचारावर अर्थशास्त्रज्ञांचे विपुल लेखन उपलब्ध आहे. दुसऱ्यावर तहसील कचेरीसमोरच्या झेरॉक्सवाल्याइतका अधिकार कोणाचाच नाही, परंतु गिऱ्हाइकांच्या गर्दीमुळे त्याला ग्रंथलेखनास सवड मिळत नाही. ही उणीव अंशतः भरून काढणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. येथे 'अर्जदार पालक' ही संज्ञा, स्वतःचे मूल स्वतःच्या कडेवर रडत असतानाही ते झाले आहे हे ज्याला कागदाने सिद्ध करावे लागते असा नागरिक, या अर्थी वापरली आहे.

या साहाय्याचा कायदेशीर पाया राष्ट्रीय अन्नसुरक्षा अधिनियम, २०१३ मध्ये सापडतो. त्याच्या चौथ्या कलमाने, सरकारी नोकरीतील स्त्रिया वगळता, गरोदर व स्तनदा मातांना किमान सहा हजार रुपयांच्या मातृत्वलाभाचा हक्क दिला. या हक्काची देशभर अंमलबजावणी १ जानेवारी २०१७ पासून प्रधानमंत्री मातृवंदना योजनेने सुरू केली, तेव्हा पहिल्या अपत्यासाठी ठरलेली रक्कम पाच हजार निघाली. उरलेल्या हजाराबाबतचे शासकीय स्पष्टीकरण असे की, दवाखान्यातील बाळंतपणासाठी असलेल्या जननी सुरक्षा योजनेचे पैसे त्यात मिळवले असता एका मातेला सरासरी सहा हजार पडतात. ही सरासरी माता अद्याप कोणत्याही अंगणवाडीत प्रत्यक्ष हजर झालेली नाही. आरंभी पाच हजारांचे तीन हप्ते होते. एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या सुधारित योजनेत ते तीन हजार व दोन हजार असे दोन झाले, आणि दुसरे अपत्य मुलगी असल्यास एकरकमी सहा हजार देण्याचे ठरले. कायद्याने २०१३ मध्ये सांगितलेला आकडा अशा रीतीने नऊ वर्षांनी दुसऱ्या मुलीच्या पाळण्यात सापडला. बुडालेल्या मजुरीची काही प्रमाणात भरपाई हा योजनेचा घोषित उद्देश आहे, आणि ती मिळवण्याच्या खटपटीत आणखी किती मजुरी बुडते याची गणना कोणत्याही हप्त्यात धरलेली नाही.

रक्कम, हप्ते व अटी हा विषयाचा कोरडा भाग झाला. त्याचा रसाळ भाग दिनदर्शिकेत आहे, कारण योजनेचे कालमापन वैद्यकीय असून मराठी कुटुंबाचे कालमापन माहेरच्या मुराळ्यावर चालते. पहिल्या हप्त्यासाठी गरोदरपणाची नोंदणी आणि किमान एक प्रसूतिपूर्व तपासणी, शेवटच्या पाळीच्या तारखेपासून सहा महिन्यांच्या आत झालेली असावी लागते. पहिले तीन महिने बातमी उंबऱ्याबाहेर जाऊ द्यायची नाही, असा सासूबाईंचा नियम असतो, आणि अंगणवाडी सेविका ही शासनाची प्रतिनिधी असली तरी राहते त्याच आळीत, त्यामुळे शासनाला कळवणे म्हणजे आळीला कळवणे, हे सासूबाई पुरते जाणून असतात. चोरओटी भरून झाल्यावर कागदपत्रांचा विषय पहिल्यांदा निघतो आणि आधार कार्ड माहेरच्या कपाटात राहिल्याचे लक्षात आल्यावर तो मिटतो. सातव्या महिन्यात डोहाळजेवण होते, फुलांची वाडी भरली जाते, चंद्रकोरीवर बसवून व हाती धनुष्यबाण देऊन फोटो काढला जातो, आणि पहिलटकरीण बाळंतपणासाठी माहेरी रवाना होते. नोंदणीची मुदत नेमकी याच सुमारास संपते. धनुष्यबाणाचा फोटो आहे परंतु माता-बाल संरक्षण कार्ड नाही, अशी स्थिती त्यामुळे अनेक घरांत उद्भवते. हे कार्ड म्हणजे गरोदरपणातील तपासण्या आणि बाळाच्या लसी यांच्या नोंदींची घडीची पुस्तिका असून, योजनेच्या दृष्टीने आईपेक्षा तिची उपस्थिती अधिक आवश्यक असते.

दुसऱ्या हप्त्याची अट याहून गुंतागुंतीची आहे. जन्माची नोंद झालेली असावी आणि बाळाच्या लसींची पहिली फेरी, म्हणजे बोलीभाषेत दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांचे डोस, पूर्ण झालेली असावी, असे ती अट सांगते. या साडेतीन महिन्यांत मराठी बाळ किमान दोन गावांचे रहिवासी असते. त्याचा जन्म आजोळच्या ग्रामपंचायतीत वा नगरपालिकेत नोंदवला जातो, दीड महिन्याची लस आजोळच्या उपकेंद्रात होते, मग पाचवणीच्या साड्या, बाळंतविडा, दुपटी, कुंची, झबली आणि डिंकाच्या लाडवांचा डबा यांसह माय-लेकरांची सासरी पाठवणी होते, आणि पुढचे डोस तेथील आशाताईंच्या हद्दीत पडतात. बाळंतविड्याच्या पिशवीत लसीचे कार्ड आहे की नाही हे पाहण्याची जबाबदारी परंपरेने कोणावरही टाकलेली नाही. सासरची सेविका सांगते की आधीच्या लसीची नोंद माहेरच्यांनी ऑनलाइन चढवायला हवी होती, माहेरची सांगते की ही लाभार्थी मुळात आमच्या यादीतली नव्हे, आणि व्याही-विहिणींमध्ये मानपानावरून जी धुसफूस लग्नात राहून गेली होती, ती या दोन अंगणवाड्यांच्या दरम्यान फोनवरून पूर्ण होते.

बाळाच्या नावाचा प्रश्न स्वतंत्र प्रकरणास पात्र आहे. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ प्रमाणे जन्माची खबर २१ दिवसांच्या आत द्यावी लागते, आणि रिवाजाप्रमाणे बारसे बाराव्या दिवशी होते. वरवर पाहता कायदा व रिवाज यांच्यात नऊ दिवसांचे सौहार्द आहे. प्रत्यक्षात बाराव्या दिवशी आत्याने बाळाच्या कानात सांगितलेले नाव, राशीवरून निघालेले नाव, आणि आईने गरोदरपणात मोबाइलमध्ये जतन केलेले नाव यांच्यात निर्णय होत नसल्याने, दवाखान्याच्या कागदावर बाळ 'बेबी ऑफ' या बिरुदानेच वावरत राहते. नावाविना जन्म नोंदवण्याची मुभा कायद्याने दिली आहे आणि नाव पुढे वर्षभरात विनाशुल्क घालता येते, ही तरतूद ज्याने केली त्याला आत्या असावी. अंकशास्त्रज्ञाच्या सल्ल्यावरून नावात एखादे इंग्रजी अक्षर जास्तीचे घालणारे पालक आढळतात. ते जादा अक्षर बाळाला कीर्ती मिळवून देते की नाही हे कळायला वेळ लागतो, परंतु पहिल्याच ऑनलाइन अर्जात ते 'नाव जुळत नाही' हा शेरा तत्काळ मिळवून देते. त्यात भर अशी की, १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बालकांच्या शासकीय नोंदींत बालकाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव व आडनाव असा क्रम राज्याने अनिवार्य केला. हा निर्णय उचित आणि फार उशिरा झालेला आहे, याविषयी दुमत नसावे. मात्र त्यामुळे एकाच घरातील थोरल्या मुलाचे नाव तीन पदांचे आणि धाकट्या मुलीचे चार पदांचे झाले असून, ही दोघे सख्खी भावंडे आहेत हे खिडकीपलीकडच्या कारकुनाला समजावून देण्याचे काम त्या नव्याने अंतर्भूत झालेल्या आईकडेच आलेले आहे.

पाच वर्षांखालील मुलांचे आधार कार्ड निळ्या रंगाचे असते आणि त्याला बाल आधार म्हणतात. त्यात बोटांचे ठसे व डोळ्यांची बुबुळे घेतली जात नाहीत. ती पाचव्या आणि पुन्हा पंधराव्या वर्षी द्यायची असतात. फोटो मात्र लागतो, आणि तो समोरून, डोळे उघडे व चेहरा स्पष्ट असा लागतो. तीन महिन्यांच्या बाळाला मान धरता येत नाही, ही गोष्ट वैद्यकशास्त्राला फार पूर्वीपासून अवगत आहे. तेव्हा आधार केंद्रात असे दृश्य दिसते की, पांढऱ्या पडद्यासमोरच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत बाप बसला आहे, त्याच्या अंगावरून पांढरी चादर घेतलेली आहे, चादरीतून त्याचे दोन हात बाळाला बगलेत धरून उचलत आहेत, आजी कॅमेऱ्याच्या डोक्यावर खुळखुळा वाजवते आहे, आई घामाघूम होऊन टाळ्या पिटते आहे, आणि केंद्रचालक अत्यंत शांत आवाजात म्हणतो आहे, "काका, तुमचा अंगठा येतोय." बाळ नेमके त्याच क्षणी झोपते. रांगेतील पुढचे कुटुंब आपल्या बाळाला जागे ठेवण्यासाठी त्याच्या तळपायाला गुदगुल्या करत बसलेले असते, त्याचाही संयम संपून ते रडू लागते, ते ऐकून पहिले दचकून जागे होते आणि फोटो निघतो. त्या फोटोवरून पुढील पाच वर्षे बाळाची ओळख पटवायची असल्याने, ते कोणाचेही असू शकले असते हा त्याचा गुण समजावा की दोष, याबाबत मतभेद आहेत.

आता मूळ मुद्द्याकडे, म्हणजे आईकडे वळता येईल. लाभार्थी म्हणून शासनाला हवी असलेली व्यक्ती ही एका पत्त्यावर राहणारी, एका नावाची, एका बँक खात्याची आणि एका मोबाइल क्रमांकाची असते. महाराष्ट्रातील विवाहित स्त्री यांपैकी एकाही कसोटीला सहजासहजी उतरत नाही. उदाहरणादाखल पूजा हे सुटसुटीत नाव घ्यावे. दहावीच्या गुणपत्रिकेवर ते इंग्रजी यू घालून, पुढे वडिलांचे नाव व माहेरचे आडनाव जोडून छापलेले असते. आधार कार्डावर दोन ओ घालून, त्याच आडनावासह असते. बँकेच्या पुस्तकात लग्नानंतर बदललेले सासरचे आडनाव असते. आणि लग्नात तांदळावर अंगठीने लिहिलेले नवे नाव कोणी हौसेने शिधापत्रिकेत घातले असेल तर तेथे ती पूजाच नसते. माहेरच्या शिधापत्रिकेतून नाव कमी केल्याचा दाखला आणल्याशिवाय सासरच्या शिधापत्रिकेत ते चढत नाही, आणि हा दाखला आणण्यासाठी जी व्यक्ती माहेरी जाते, तिचे तेथे चार दिवस राहणे होतेच, त्यामुळे लसीची तारीख हुकते. नावात बदल झाल्याचे राजपत्र, विवाह नोंदणी प्रमाणपत्र, एकच व्यक्ती असल्याचे स्वयंघोषणापत्र, असे उपाय उपलब्ध आहेत. यांपैकी स्वयंघोषणापत्र हा प्रकार विशेष उल्लेखनीय आहे: शासनाने मार्च २०१५ मध्ये प्रतिज्ञापत्रांची व साक्षांकनाची सक्ती काढून टाकून, नागरिकाने स्वतःच सही करून स्वतःविषयी सांगावे व ते खरे मानावे, असा विश्वास प्रकट केला, आणि तेव्हापासून नागरिकाने हे स्वयंघोषणापत्र खरोखर त्यानेच केले आहे हे दाखवण्यासाठी सोबत आधारची स्वसाक्षांकित झेरॉक्स जोडण्याची प्रथा पडली.

याउलट पित्याची कागदपत्रे पाहावीत. तो जन्मापासून एका नावाचा आहे, लग्नाने त्याचे आडनाव, गाव, शिधापत्रिका व मतदारसंघ यांपैकी काहीही बदललेले नाही, आणि गेल्या वीस वर्षांत त्याने मोबाइल क्रमांकही बदललेला नाही, कारण त्या क्रमांकावर त्याचे सोसायटीचे व ऊस तोडणीचे निरोप येतात. मातृत्वलाभासाठी कागदोपत्री सर्वांत योग्य उमेदवार तोच ठरतो. अडचण केवळ एवढीच की त्याला बाळंतपण होत नाही. मातृवंदना योजनेच्या जुन्या आवृत्तीत पतीचे आधार मागितले जात असे आणि सुधारित आवृत्तीत ती सक्ती काढली गेली, हे स्वागतार्हच आहे. तथापि, त्याचा मोबाइल मात्र काही केल्या कथानकातून जात नाही, हे पुढील दृश्यावरून दिसेल.

सकाळची अकराची वेळ असून अंगणवाडीत खिचडीची पातेली उतरलेली आहेत. पोषण ट्रॅकर नावाचे केंद्र सरकारचे ॲप, ज्यात मुलांची वजने-उंची, आहार व लाभार्थ्यांच्या नोंदी भरल्या जातात, सेविकेच्या मोबाइलवर गोल गोल फिरत आहे. घरी न्यायचा कोरडा आहार देण्यापूर्वी लाभार्थीच्या चेहऱ्याची पडताळणी करण्याचा नियम अलीकडे आला आहे, त्यामुळे सेविका ओसरीच्या उजेडात आईसमोर मोबाइल धरून उभी आहे. "अगं, हलू नको. आता डोळे मिचकव. एक नको, दोन्ही. जरा जोरात मिचकव, त्याला दिसलं नाही." रस्त्याने जाणारी चुलतसासू थबकून विचारते, "सूनबाई, कुणाला डोळे मारायला लागलीस गं भर चौकात?" सेविका खुलासा करते की सरकारला. चेहरा जुळतो, पण आता ओटीपी, म्हणजे एकदाच वापरायचा पडताळणीचा आकडा, नवऱ्याच्या मोबाइलवर गेलेला आहे, नवरा औद्योगिक वसाहतीत पहिल्या पाळीला आहे आणि त्याचा मोबाइल कारखान्याच्या दारातल्या कपाटात कुलूपबंद आहे. "मग संध्याकाळी ये," सेविका म्हणते. "संध्याकाळी रेंज नसते बाई." "मग रविवारी?" "रविवारी तुमची सुट्टी ना?" यावर सेविका जे हसते, त्यात मानधनावर काम करणाऱ्या वर्गाचा सगळा अर्थसंकल्प सामावलेला असतो. येथे नमूद करावयास हवे की, याच सेविकांनी २०२१ मध्ये राज्यभर आंदोलन करून, गरम होणारे व बंद पडणारे शासकीय मोबाइल शासनाला परत नेऊन दिले होते, आणि ॲप मराठीत हवे ही त्यांची मागणीही तेव्हाचीच. सेविका स्वतः गरोदर असल्यास ती मातृवंदना योजनेस पात्र ठरते. अशा वेळी अर्जदार, अर्ज भरणारी व अर्जात त्रुटी काढणारी या तिन्ही भूमिका एकाच व्यक्तीत एकवटतात, आणि तेवढ्यापुरते कामकाज सुरळीत चालते.

अर्ज मंजूर झाल्यानंतर पैसे कोठे जातात, हा प्रश्न तत्त्वज्ञानाच्या सीमेवरचा आहे. थेट लाभ हस्तांतरण म्हणजे मधल्या माणसाच्या हाती न देता रक्कम परस्पर लाभार्थीच्या खात्यात भरणे. हे खाते अर्जात लिहिलेले असेलच असे नाही. आधार क्रमांक ज्या बँकेशी सर्वांत शेवटी जोडला गेला असेल त्या बँकेकडे रक्कम जाते, आणि ही जोडणी भारतीय राष्ट्रीय देयक महामंडळाच्या यादीत असते. तिला व्यवहारात 'आधार सीडिंग' म्हणतात व कोणत्याही बँकेच्या शाखेत दिवसातून सर्वाधिक वेळा हेच दोन शब्द कानी पडतात. शेवटी जोडलेले खाते बहुधा असे असते जे आईला आठवत नाही: कॉलेजात शिष्यवृत्तीसाठी काढलेले, बचत गटाच्या कर्जासाठी उघडलेले, किंवा सिम कार्ड घेताना दुकानदाराने अंगठा घेऊन परस्पर उघडलेले. संदेश येतो की रक्कम जमा झाली. बँकेत जावे तर शिल्लक जैसे थे. मग नणंदेच्या यजमानांचा बँकेत ओळखीचा कोणी आहे का, येथून शोधाला आरंभ होतो, आणि तीन हजार रुपये माहेरच्या तालुक्याच्या गावी एका शिष्यवृत्तीच्या खात्यात, किमान शिल्लक नसल्याबद्दलचा दंड भरून उरलेल्या अवस्थेत सापडतात.

उत्पन्नाची कसोटी एकच असती तर अर्जदार पालकांना आपण गरीब आहोत की नाही हे निश्चित कळले असते. मातृवंदना योजनेसाठी इतर अनेक पर्यायांबरोबर आठ लाखांच्या आतील वार्षिक उत्पन्न चालते. लेक लाडकी योजनेला, जिचा विचार पुढे केला आहे, ते एक लाखाच्या आत लागते आणि शिवाय शिधापत्रिका पिवळी किंवा केशरी असावी लागते. शिधापत्रिकांचे हे रंग १ मे १९९९ रोजी महाराष्ट्राने लागू केले, तेव्हा पिवळ्या कार्डासाठी वार्षिक १५ हजार आणि केशरीसाठी त्यापुढे एक लाखापर्यंत अशी मर्यादा घातली गेली. त्यानंतर रुपयाचे, पेट्रोलचे व गोडेतेलाचे जे काही झाले ते झाले, रंग मात्र पक्के निघाले. परिणामी एकच कुटुंब एकाच सकाळी एका खिडकीवर गरीब आणि शेजारच्या खिडकीवर सधन ठरू शकते, आणि सधन ठरल्याचे दुःख व्यक्त करणारी माणसे या एकाच प्रसंगी पाहायला मिळतात. उत्पन्नाचा दाखला तहसीलदार देतात व त्यापूर्वी चौकशी गावकामगार तलाठी करतात, ज्यांना शासनाने २०२४ पासून ग्राम महसूल अधिकारी केले आहे आणि गावाने तलाठीभाऊसाहेबच ठेवले आहे. दाखल्यांतील उत्पन्न लाखाच्या उंबऱ्याशी येऊन अदबीने थांबते, याचे कौतुक जाणकारांना वाटत नाही.

नोकरदार आईला पैशांपेक्षा मूल ठेवायला जागा हवी असते, हेही शासनाला ठाऊक आहे. मातृत्व लाभ कायद्यात २०१७ मध्ये झालेल्या दुरुस्तीने पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय करणे बंधनकारक केले, आणि अनेक आस्थापना एकोणपन्नासाव्या कर्मचाऱ्यापाशी समाधान मानू लागल्याचे बोलले जाते. केंद्राची पाळणाघर योजना आता 'पालना' या नावाने अंगणवाडीला जोडून चालवली जाते. प्रत्यक्षात राज्यातील सर्वांत मोठी पाळणाघर यंत्रणा आजी ही असून, तिच्यासाठी कोणतेही अनुदान नाही आणि म्हणूनच कोणताही अर्ज नाही. ती वेळेवर चालते याचे अन्य कारण देण्याची गरज भासत नाही.

ज्या घरात आई किंवा वडील यांपैकी एकजणच उरलेले आहे अशा घरांतील मुलांसाठी असलेल्या, आता सावित्रीबाई फुले यांच्या नावाने चालणाऱ्या बालसंगोपन योजनेत दरमहा २,२५० रुपये मिळतात. तिचे निर्णय जिल्ह्याची बाल कल्याण समिती घेते. या अर्जासोबत मृत्यूचा दाखला जोडावा लागतो, तसेच पालकाने मुलांसह घरासमोर उभे राहून काढलेला फोटोही मागितला जातो. आपले घर भावाचे आहे, दिराचे आहे, की भाड्याचे आहे हे फोटोत दिसत नाही, त्यामुळे निदान या एका कागदावर अशा बाईच्या मागे एक पूर्ण घर उभे असते. येथे अर्जाची चेष्टा करावी असे काही आढळत नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी मुलांना घेऊन जायचे एसटीचे तिकीट आधी काढावे लागते आणि पहिला महिना फार उशिरा उगवतो, एवढीच नोंद पुरे.

लेक लाडकी योजना ही या सर्वांत दीर्घ पल्ल्याची. मंत्रिमंडळाने ऑक्टोबर २०२३ मध्ये तिला मान्यता दिली आणि १ एप्रिल २०२३ पासून जन्मलेल्या मुलींना ती लागू केली. जन्मानंतर पाच हजार, पहिलीत सहा हजार, सहावीत सात हजार, अकरावीत आठ हजार आणि अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर ७५ हजार, अशी एकूण एक लाख एक हजारांची रक्कम मुलीला मिळायची आहे. आहेराच्या पाकिटावर वरचा एक रुपया चिकटवावा तसा वरचा एक हजार तेथे शोभून दिसतो. अर्ज अंगणवाडी सेविकेकडे द्यायचा असून प्रत्येक टप्प्यावर नवा पुरावा जोडायचा आहे. पहिलीला शाळेचा दाखला. सहावीला शाळेचा दाखला आणि, मुलगी पहिले अपत्य असल्यास, आईने किंवा वडिलांनी कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया केल्याचे प्रमाणपत्र. सहावीच्या प्रवेशाशी या शस्त्रक्रियेचा संबंध मुलीला वर्गात कोणी विचारल्यास तिने काय सांगावे, याचे मार्गदर्शन निर्णयात नाही. अठराव्या वर्षी मतदार यादीत नाव असल्याचा दाखला आणि आपण अविवाहित असल्याचे स्वयंघोषणापत्र. म्हणजे १ एप्रिल २०२३ रोजी जन्मलेली मुलगी २०२९ च्या सुमारास पहिलीत, २०३४ मध्ये सहावीत, २०३९ मध्ये अकरावीत जाईल आणि २०४१ मध्ये सज्ञान होईल, आणि या काळात विधानसभेच्या निदान तीन निवडणुका व्हायच्या आहेत.

मुलींना अठराव्या वर्षी लाखाच्या घरातील रक्कम देण्याचे हे राज्याचे पहिलेच आश्वासन नव्हे. २०१४ मध्ये सुकन्या योजना आली, जिच्यात दारिद्र्यरेषेखालील कुटुंबातील मुलीच्या नावे रक्कम गुंतवून अठराव्या वर्षी एक लाख द्यायचे होते. २०१६ मध्ये तिची जागा माझी कन्या भाग्यश्री योजनेने घेतली, तिच्या अटी लगेच २०१७ मध्ये सुधारल्या गेल्या, आणि २०२३ मध्ये लेक लाडकी योजनेने तीही अधिक्रमित केली, म्हणजे जुन्या निर्णयाच्या जागी नवा निर्णय आणला. अठरा वर्षांच्या मुदतीच्या योजनांचे आयुष्य अशा प्रकारे दोन ते सात वर्षांचे भरते. जुन्या योजनेत ज्यांची प्रकरणे बसली त्यांची मुदत चालूच असून, पहिल्या खेपेच्या मुली २०३२ मध्ये अठरा वर्षांच्या होतील. तोवर कागद टिकावा म्हणून पावती लॅमिनेट करून घ्यावी, असे अनुभवी आया एकमेकींना सांगतात. लॅमिनेट केलेली पावती मूळ प्रत म्हणून चालत नाही, असे खिडकीवरून सांगण्यात येते.